भाडेपावती ते शेअर सर्टिफिकेट

आपल्या सोसायटीतली नव्याने नोकरीला लागलेली मुलं हल्ली एक हिशेब मांडतात. ठाण्या-मुंबईत घराचं वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के. कर्जाचं व्याज आठ-नऊ टक्के. मग वीस वर्षं हप्ते भरून घर विकत घेण्यात कसला शहाणपणा? भाड्याने राहावं, उरलेले पैसे गुंतवावेत. आमच्या वयाची मंडळी यावर "अरे, आपलं ते आपलं" एवढंच म्हणतात. मुलं हसतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही, कारण हे काही उत्तर नव्हे. त्यांचा हिशेब आकड्यांपुरता बरोबरच आहे.

पण इतिहासात डोकावलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या काळात मुंबईतली हजारो मराठी कुटुंबं गिरगाव, दादर, लालबागच्या खोल्या सोडून मालकीच्या घरात गेली, त्या काळात त्यांची भाड्याची जागा जवळजवळ फुकट होती. महिना दहा-पंधरा रुपये. वर कायद्याचं असं संरक्षण, की मालक सहजासहजी बाहेर काढू शकत नव्हता. इतकं स्वस्त आणि इतकं सुरक्षित भाडं सोडून लोकांनी कर्ज काढलं, दागिने मोडले, गावची जमीन विकली आणि लोकलने दीड तास दूर राहायला गेले. हे का घडलं, ते रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने जरा सविस्तर पाहावं म्हणून हा लेख.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा शहराच्या दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आखणी केली आणि काही चाळीही बांधल्या. त्याच या बीआयटी चाळी. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. आपल्या सोसायटीतल्या वन-बीएचकेचा हॉल साधारण तेवढाच आहे. तिथे एक अख्खं कुटुंब राहायचं, शिवाय गावाहून आलेला एखादा पुतण्या किंवा भाचा.

त्या काळात भाड्याने राहण्यात कमीपणा कोणी मानत नसे. गिरणी कामगार, सरकारी कारकून, शाळामास्तर, बरेचसे वकील आणि डॉक्टरसुद्धा भाड्यानेच राहात. मालकीचं घर म्हणजे गावचं घर. मुंबई नोकरीसाठी, आणि घर कोकणात नाहीतर घाटावर. मालकीचा फ्लॅट ही कल्पनाच नव्हती.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचं सामान मिळेना, शहरात माणसं वाढतच होती, भाडी भडकली. म्हणून १९१८ साली मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो पुढे संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धाने तीच परिस्थिती पुन्हा आणली आणि पुन्हा निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर सगळं एकत्र करून १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याचा गाभा म्हणजे 'स्टँडर्ड रेंट'. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, तेच कायम. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेली जागा असेल तर तिचं पहिलं भाडं हेच तिचं प्रमाण भाडं. कर वगैरे वाढले तर तेवढ्यापुरती वाढ, बाकी काही नाही.

हा कायदा तात्पुरता होता, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. त्याची मुदत संपत आली की सरकार ती वाढवून देई. असं करत करत तो पन्नास वर्षांहून अधिक टिकला.

या कायद्याने गरिबाचं आणि मध्यमवर्गाचं भलं केलं, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. गिरणीच्या पगारात किंवा पोस्टातल्या नोकरीत चार मुलं शिकली, ती या ठरलेल्या भाड्यामुळे. महिन्याच्या भाडेपावतीवर रेशनकार्ड निघे, शाळेचा दाखला मिळे, मुलीचं लग्न ठरवताना पत्ता सांगता येई. आज अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तेवढीही खात्री नाही. त्यामुळे जुन्या भाडेकरूला कोणी फुकटा म्हटलं की मला राग येतो.

पण त्याच कायद्याने इमारतीचं काय झालं तेही पाहा. समजा, तीन मजली चाळीत तीस खोल्या आहेत आणि खोलीमागे भाडं बारा रुपये. मालकाच्या हाती महिन्याला तीनशे साठ रुपये येतात. १९४५ साली त्यात माळी-भंगी, रंगरंगोटी, कौलं चाळणं सगळं होऊन मालकाला चार पैसे उरत. १९७५ साली तेच तीनशे साठ. एक लाकडी तुळई बदलायची म्हटली तरी वर्षाचं भाडं जाई. कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच होती, पण तो ती पार पाडीना. भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही, मी का खर्च करू? मालक म्हणे, भाडं माझ्या हाती येत नाही, मी का करू? दोघांचंही बरोबर होतं. मधल्या मध्ये जिने मोडले, सज्जे कोसळले, सामाईक संडासांची दारं गेली ती गेलीच.

शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या पैशातून मंडळाने त्या दुरुस्त करायच्या. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. सर्वांत जुना गट कोणता, तर १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारतींचा. भाडं गोठलं ती तारीख आणि ही तारीख एकच. पुढे हे काम म्हाडाकडे गेलं. दर पावसाळ्याच्या तोंडाशी अतिधोकादायक इमारतींची यादी पेपरात येते, ती याच इमारतींची. त्यातली कुटुंबं संक्रमण शिबिरात जातात आणि काही तर तिथेच पिढी काढतात.

पागडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. भाडं वाढत नाही म्हटल्यावर मालकाने जागा देतानाच मोठी रक्कम घ्यायला सुरुवात केली. भाडेकरूने ती जागा दुसऱ्याला दिली की त्यातलाही वाटा मालकाला, साधारण एक तृतीयांश. कायद्याने हा गुन्हा होता आणि व्यवहारात हा रिवाज होता. पावती नाही, करार नाही, सगळा रोखीचा मामला. आयुष्याची कमाई देऊन माणूस कागदावर भाडेकरूच राही.

यातली एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही. भाड्याच्या खोलीचा वारस कोण? रेंट ॲक्टप्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस पुढचा भाडेकरू. म्हणजे जो राहील त्याची खोली. थोरला भाऊ नोकरीसाठी नागपूरला गेला, त्याचा हक्क गेला. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे धाकटा मुलगा लग्नानंतरही त्याच खोलीत, मध्ये पडदा लावून. जागा 'सुटू' नये म्हणून बदली नाकारणारे, बढती नाकारणारे लोक मुंबईत कमी नव्हते. उलट बापाने स्वतः कमावलेल्या मालकीच्या घरात, त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, मग ती अमेरिकेत राहो की अमरावतीला. भाडेपावती आणि मालकी यांतला हा फरक घराघरातल्या लेकींनी सोसला आहे.

भाड्याचा बाजार उरलासुरला आटला तो १९७३ साली. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर जे राहात होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्या दिवशी जे आत होते त्यांची सोय झाली, आणि नंतर येणाऱ्यांसाठी दारं बंद झाली. लोकांनी फ्लॅट रिकामे ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात नोकरीला लागलेल्या तरुणापुढे पर्याय काय? जुनी खोली वडिलांच्या नावावर, त्यात भाऊ. नवी पागडी परवडत नाही. सरळ भाड्याने कोणी देत नाही. मग उरला तो 'ओनरशिप'.

आता जरा मागे जाऊ, कारण सहकाराची वाट याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. सहकाराचा १९०४ चा कायदा फक्त पतपेढ्यांसाठी होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडलं. आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तळमकी. १९०६ साली शामराव विठ्ठल पतसंस्था उभारणारे हेच. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाचा पाया इथे घातला गेला.

पण ही सोसायटी आजच्या अर्थाने मालकीच्या फ्लॅटची नव्हती. इंग्लंडमध्ये ईलिंग इथे १९०१ साली भाडेकरूंनी एकत्र येऊन भागीदारीत घरं बांधली होती. त्या धर्तीवर इथे इमारत संस्थेची आणि सभासद संस्थेलाच भाडं भरणार, अशी योजना होती. भाडेकरूच मालक आणि मालकच भाडेकरू. चाळीतल्या त्या भांडणाची, मी का खर्च करू याची, इथे जागाच राहिली नाही. भाडं ठरवणारेही आपणच, आणि जिना दुरुस्त करायचा की नाही हे ठरवणारेही आपणच. आपल्या सहकारी कायद्याच्या वर्गवारीत 'टेनंट को-पार्टनरशिप' हा शब्द आजही आहे. फ्लॅटच्या सोसायट्या त्याच वर्गात मोडतात. आपल्यालाही कायदा एका अर्थाने भागीदार भाडेकरूच म्हणतो, हे ऐकून काही मंडळींना धक्का बसेल!

सुरुवातीच्या अशा बऱ्याच सोसायट्या एकेका ज्ञातीच्या होत्या. त्याने आपापसात विश्वास आला हे खरं, पण बाकीच्यांना दार बंद राहिलं हेही खरं. आपल्या जिन्यातल्या पाट्या वाचल्या की कोकण, विदर्भ, केरळ, गुजरात सगळे सापडतात. मला ही प्रगतीच वाटते.

पन्नासच्या दशकात बिल्डर आले. इमारत बांधायची आणि एकेक फ्लॅट वेगळा विकायचा, हा नवा धंदा. लोकांकडून पैसे घ्यायचे, ताबा द्यायला वर्षानुवर्षं लावायची, नकाशे बदलायचे, हिशेब द्यायचा नाही, असे प्रकार इतके झाले की सरकारने १९६० साली चौकशीसाठी समिती नेमली. त्यातून १९६३ चा मालकी सदनिका कायदा आला. तोच 'मोफा'. ठरावीक रकमेपेक्षा जास्त आगाऊ पैसे घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवायचा, पुरेसे खरेदीदार झाले की सोसायटी स्थापन करायची, आणि मग जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची, अशी साखळी त्याने घालून दिली. त्याच सुमारास १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला. आपल्या घराचे सगळे कागद या दोन कायद्यांवर उभे आहेत.

पैशाचा प्रश्न होताच. बँका त्या काळी घरासाठी नोकरदाराला कर्ज देत नसत म्हटलं तरी चालेल. प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या बांगड्या, ऑफिसातली पतपेढी, सासऱ्यांकडून उसने. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली, आणि पगाराच्या जोरावर पंधरा-वीस वर्षांत फेडायचं घरकर्ज ही गोष्ट मध्यमवर्गाला हळूहळू कळू लागली. खरा जोर आला तो आपल्या सोसायटीच्या जन्माच्या वेळी. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची आयकरातली सूट १९९८ च्या अर्थसंकल्पात १५ हजारांवरून ३० हजार झाली, १९९९ मध्ये ७५ हजार, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख. आपल्यातल्या कितीजणांनी ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याकडे बसून ते गणित मांडलं होतं, ते आठवून पाहा.

योगायोग म्हणजे जुना रेंट ॲक्टही त्याच वेळी गेला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली. पंधरा रुपयांचे चार टक्के म्हणजे साठ पैसे! पागडीही कायदेशीर झाली. त्याच २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली.

तर मुलांच्या हिशेबात नसलेली गोष्ट ही. चाळीतल्या माणसाकडे स्वस्ताई होती, सुरक्षितता होती, शेजारही होता. नव्हता तो इमारतीबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर आपली गच्ची गळायला लागली, तेव्हा आपण काय केलं? विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, रात्री साडेअकरापर्यंत भांडलो, वरच्या मजल्यावाल्यांनी जास्त द्यावे की सगळ्यांनी सारखे यावर दोन जण महिनाभर बोलत नव्हते. पण पुढच्या पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग झालं. गिरगावात हेच काम तीस वर्षं झालं नव्हतं. मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंड म्हणून एक ओळ असते, तिच्याकडे कोणी पाहात नाही. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का त्यात जातो आणि दुरुस्ती निधीत पाऊण टक्का. चाळीच्या मालकाकडे हा पैसा कधी साठलाच नाही, म्हणून ती चाळ कोसळली.

याचा अर्थ आपल्याकडे भाड्याने राहणारी कुटुंबं कमी दर्जाची, असा कृपया कोणी काढू नये. मालक परगावी असताना जिन्यातला दिवा गेल्याचं कळवणारे बरेचदा तेच असतात. सभेत त्यांना मत नाही, हे कायद्याने ठीक. पण पाण्याच्या वेळेबद्दल, पार्किंगबद्दल त्यांचं ऐकून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. सरकारने २००१ साली बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर आणून ठेवलं, ते सोसायट्यांनी भाड्याने देणाऱ्यांना पिळू नये म्हणूनच.

आता ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला त्याकडे येतो. आपण मालक आहोत का? फ्लॅटचा नोंदलेला करार आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, मालमत्ता कर भरतो. पण आपल्या इमारतीखालच्या जमिनीचा उतारा काढून पाहा. त्यावर आपल्या सोसायटीचं नाव नाही. मोफाच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायला हवं होतं. पंचवीस वर्षं झाली. 'पुढच्या टप्प्याचं काम बाकी आहे' हे उत्तर आपल्या तीन कमिट्यांनी ऐकलं आहे.

बाकी सर्व बाबतींत आपण चाळीच्या पुढे आलो, पण या एका बाबतीत अजून तिथेच आहोत: घरात आपण, जमीन दुसऱ्याची. आज त्याने काही अडत नाही असं वाटतं. पण तिसाव्या वर्षानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागेल. कधीतरी पुनर्विकासाची चर्चा निघेल. त्या वेळी जमिनीवर वाढीव बांधकामाचा जो हक्क असेल तो कोणाचा, हा प्रश्न पहिला येईल, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे तो हात वर करेल.

यावर उपाय आहे. २००८ साली मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद आली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. ते दोन्ही बाजूंना ऐकून घेतात आणि योग्य वाटल्यास एकतर्फी आदेश देतात; मग तो दस्त नोंदवून उताऱ्यावर सोसायटीचं नाव चढवता येतं. खर्च आहे, वकील लागतो, वास्तुविशारदाचा दाखला लागतो, पण तीस वर्षं वाट पाहण्यापेक्षा हे बरं. गेल्या वार्षिक सभेत ठराव झाला आहे. अर्ज अडला आहे तो कागदांपायी.

प्रत्येक सभासदाच्या नोंदणीकृत करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत अर्जासोबत जोडावी लागते. अजून बऱ्याच सदनिकांच्या प्रती आलेल्या नाहीत. ज्यांनी पुनर्विक्रीत फ्लॅट घेतला आहे त्यांनी मूळ खरेदीदारापासूनची सगळी साखळी द्यावी. कागद बँकेकडे गहाण असतील तर बँकेतून छायाप्रत मिळते. इंडेक्स टू हरवली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा काढता येते. सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी दहा ते बारा उघडं असतं.